पहिल्या पातळीचं सामान: ४६० होन, चौघेजण आणि आषाढातला किल्ला

मशालजी

मंडळी, कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या टेबलावर रविवारी नवी मोहीम सुरू होतेय. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फाशांवरचा भूमिकांचा खेळ, पाचवी आवृत्ती, २०१४ चं पुस्तक. डीएमनं, म्हणजे खेळ चालवणाऱ्यानं, तयार पॅक बंद केलेत. फासे टाकून पैसे घ्यायचे आणि किमतीच्या तक्त्यातून एकेक वस्तू उचलायची. शिवाय वजनाचा पर्यायी नियमही लागू आहे. नाण्यांची नावं आम्ही आपली ठेवलीत: सोन्याचं नाणं होन, चांदीचं लारी, तांब्याचं शिवराई. १० शिवरायांची एक लारी, १० लाऱ्यांचा एक होन.

जागा: पन्हाळ्यासारखा डोंगरी किल्ला, बुरुजाखाली भुयार, पुढे तीन मजली अंधारी विहीर. महिना आषाढ.

योद्धा: ताकद १६, चपळाई १४, १४० होन. पुजारी: ताकद १४, चपळाई १०, १२० होन. जादूगार: ताकद ८, ९० होन. चोर: ताकद १०, ११० होन.

काय घ्यावं? आणि काय अजिबात घेऊ नये?

---

शिधावाटप

आधी वजन बघा, पैसे नंतर. पर्यायी नियमात ताकद गुणिले ५ इतक्या पौंडांपर्यंत माणूस मोकळा चालतो. त्यावर गेलात की वेग १० फुटांनी कमी. ताकद गुणिले १० च्या वर गेलात तर २० फुटांनी कमी, आणि ताकद, चपळाई, काटकपणा यांच्यावरच्या सगळ्या फाशांना डिसअॅडव्हान्टेज (दोनदा फासा टाकून कमी आकडा घ्यायचा). म्हणजे तुमच्या चौघांची मोकळी मर्यादा अनुक्रमे ८०, ७०, ४० आणि ५० पौंड.

आता जो पॅक सगळे डोळे झाकून घेतात त्या एक्सप्लोरर्स पॅकचा हिशेब. सॅक ५, वळकटी ७, जेवणाची भांडी १, चकमक १, दहा मशाली १०, दहा दिवसांचा शिधा २०, पाण्याने भरलेली मशक ५, ५० फूट तागाचा दोर १०. एकूण ५९ पौंड, म्हणजे जवळपास २७ किलो. भरलेल्या घरगुती सिलिंडरपेक्षा दोन-तीन किलोच कमी. हे पाठीवर घेऊन जादूगार भुयारात शिरणार? तलवार-चिलखताचं नाव न काढताच तो ४० च्या पार गेला.

वर त्या सॅकमध्ये मावतं फक्त ३० पौंड. शिधा आणि मशालींनीच ती भरते, भांडी आणि चकमक बाहेर राहतात. वळकटी आणि दोर बाहेरून बांधता येतात हे खरं, पण डीएम मोजणारा असेल तर पहिल्याच दिवशी अडकाल.

तयार पॅक बंद झालेत हे बरंच झालं म्हणायचं. एक्सप्लोरर्स पॅकमधल्या वस्तू सुट्ट्या घेतल्या तरी बरोबर १० होनच पडतात, नुकसान काहीच नाही. दहा दिवसांऐवजी तीन दिवसांचा शिधा घेतलात की एका झटक्यात १४ पौंड वाचले.

---

कटावणी

चोराची यादी मी लावून देतो. वजन कंसात, पौंडात.

चामडी चिलखत १० होन (१०). हलका क्रॉसबो २५ (५), वीस बाण १ (१.५), बाणांचा डबा १ (१). आखूड तलवार १० (२). एक खंजीर २ (१). कुलपं उघडायची हत्यारं २५ (१). इथपर्यंत ७४ होन, २१.५ पौंड.

छोट्या धनुष्याऐवजी क्रॉसबो का? दोन्ही २५ होनांनाच. क्रॉसबोचा मार आठ बाजूंच्या फाशाचा, धनुष्याचा सहाच्या. एका हल्ल्यात एकच बाण सुटतो ही क्रॉसबोची खोट, पण पहिल्या पातळीच्या चोराला एकच हल्ला असतो, त्यामुळे ती आड येत नाही. वजन मात्र तीन पौंड जास्त.

पुढे: सॅक २ होन (५), मशक २ लाऱ्या (५), तीन दिवसांचा शिधा दीड होन (६), बेअरिंगच्या गोळ्यांची पिशवी १ होन (२), झाकणाचा कंदील ५ (२), तेलाच्या दोन कुप्या २ लाऱ्या (२), चकमक ५ लाऱ्या (१), रेशमी दोर ५० फूट १० होन (५), पाच खडू ५ शिवराया (वजन नाही).

बेरीज ४९.५ पौंड. खर्च ९४ होन, ४ लाऱ्या, ५ शिवराया. मर्यादा ५०. बसलं!

---

शिधावाटप

अगदी काठावर बसलं. उरले किती? १५ होन, ५ लाऱ्या, ५ शिवराया. म्हणजे २५ नाणी. ५० नाण्यांचा एक पौंड होतो, तर २५ नाण्यांचे ०.५. तुझा चोर बरोबर ५० वर आला, आता एक नाणंही जास्त चालणार नाही.

---

कटावणी

सुट्ट्या पैशांनी घातच केला असता! लाऱ्या आणि शिवराया पुजाऱ्याच्या थैलीत टाका. नुसते १५ होन ठेवले की ०.३, एकूण ४९.८. आता नीट बसलं.

---

गोखरू

भावा, बसलं खरं, पण पाण्याचं काय? माणसाला दिवसाला एक गॅलन पाणी लागतं, कडक उन्हात दोन. मशकीत मावतं चार पाइंट, म्हणजे अर्धा गॅलन. एका मशकीवर तुझा चोर रोज अर्धा तहानलेला. अर्धंच पाणी प्यायलं तर दिवसाअखेर काटकपणाचा १५ चा सेव्ह (संकटातून वाचायचा फासा), हुकला की एक पायरी थकवा. थकव्याच्या पहिल्या पायरीलाच सगळ्या अॅबिलिटी चेकना डिसअॅडव्हान्टेज, त्यात कुलूप उघडणंही आलं. आषाढात किल्ल्यावर पाणी मिळेलच, पण तीन मजले खाली उतरल्यावर विहिरीतलं पाणी पिण्यालायक आहे का हे डीएमच ठरवणार. नवखे मशक एकच घेतात, आणि ते तक्त्यात कुठे लिहिलेलंही नसतं, दोन आकडे शेजारी ठेवल्यावरच दिसतं.

---

तटबंदी

म्हणूनच चौघांनी वेगवेगळी खरेदी करू नये. ४६० होन एकत्र टाका, सामान एकत्र घ्या आणि ताकदीप्रमाणे वाटा. चार कटावण्या, चार दोर, चार चकमकी घेऊन निघालेली टोळी म्हणजे लग्नात एकाच बोळातल्या वीस जणांनी दिलेला एकसारखा डिनर सेट.

योद्ध्यापासून सुरू करू, कारण ओझं तोच वाहणार. साखळी चिलखत ७५ होनांचं, ५५ पौंडांचं. २५ किलोची तांदळाची पिशवी अंगावर घालून चालल्यासारखं. ढाल ६, लांब तलवार ३, चार भाले ८ धरले की ७२. म्हणजे सॅक उचलायच्या आधीच ८० पैकी आठच पौंड उरले.

त्याची चपळाई १४ आहे, म्हणून साखळीचा सदरा घ्या, चेन शर्ट. ५० होन, २० पौंड. संरक्षण १३ अधिक चपळाईचे २ म्हणजे १५, ढालीसकट १७. पूर्ण साखळी चिलखतात १८ झालं असतं. फरक एका आकड्याचा. बदल्यात ३५ पौंड आणि २५ होन सुटले, आणि लपून चालण्यावरचा डिसअॅडव्हान्टेज गेला.

आता त्याचं ओझं: सदरा, ढाल, तलवार, चार भाले मिळून ३७ पौंड. त्यावर सॅक ५, दोन मशकी १०, तीन दिवसांचा शिधा ६, तागाचा दोर १०, कटावणी ५. एकूण ७३. खर्च ८४ होनांच्या आत. उरलेल्या ५६ मधून ५० होनांचं जखम भरणारं औषध येतं, पोशन ऑफ हीलिंग. चिलखत घेतलं असतं तर हेच ओझं १०८ पौंड, वेग ३० चा २०, आणि औषधाला पैसे नाहीत.

---

कटावणी

एक आकडा संरक्षण कमी म्हणजे वीसपैकी एक फटका जास्त लागणार. पुढे उभा राहणाऱ्याला तो परवडत नाही.

---

तटबंदी

वेग २० झाल्यावर त्याला पुढे उभं राहताच येत नाही, शत्रू त्याला वळसा घालून जादूगारापर्यंत पोचतो. वजनाचा पर्यायी नियम नसता तर साखळी चिलखतच घ्या म्हटलं असतं. साध्या नियमात मर्यादा ताकद गुणिले १५, म्हणजे या योद्ध्याला २४० पौंड. तिथे ही चर्चाच नको.

---

रंकाळ्याचा चेटक्या

पुजाऱ्याबद्दल कोणी बोललं नाही. त्यालाही साखळीचा सदराच. खवल्यांचं चिलखत त्याच किमतीत, ५० होनांत मिळतं आणि संरक्षण एकाने जास्त देतं, पण ते ४५ पौंडांचं आहे आणि आवाज करतं. गदा ५ होन, कारण हाडांच्या सापळ्यांना ठोसरणाऱ्या हत्याराचा दुप्पट मार बसतो आणि भुयारात ते हमखास भेटतात. तुमच्याकडे बाकी सगळी हत्यारं कापणारी नाहीतर भोसकणारी दिसतात, तर जादूगाराच्या हातातही काठी असू द्या.

आता हातांचा घोळ, जो प्रत्येक टेबलावर होतो. पुजारी एका हातात ढाल, दुसऱ्यात गदा धरतो. देवाचं चिन्ह ढालीवर कोरलेलं असेल तर ज्या मंत्राला साहित्य लागतं तो ढालीच्या हातानेच टाकता येतो, ब्लेस तसाच आहे. पण क्युअर वून्ड्सला साहित्य नाही, फक्त उच्चार आणि हातवारे. त्याला हात पूर्ण मोकळा हवा. म्हणजे आधी गदा म्यान करा, मग जखम बांधा. नियमाने एका खेपेत (आपल्या पाळीत) एक वस्तू फुकट काढता किंवा ठेवता येते, म्हणून त्याच खेपेत गदा पुन्हा हातात येत नाही. हीलिंग वर्डला नुसता उच्चार पुरतो. लढाई चालू असताना तोच ठेवा.

आणि उपचारांची पेटी, हीलर्स किट, ५ होन, १० वेळा वापरायची, ३ पौंड. ही पुजाऱ्याकडे द्यायची नाही! पुजारीच पडला तर पेटी त्याच्या पाठीवर. ती जादूगाराकडे ठेवा. पेटी वापरली की वैद्यकीचा फासा न टाकता माणूस स्थिर होतो, उठत मात्र नाही. स्थिर माणसाला एक हिट पॉइंट (जिवाचा एक आकडा) यायला १ ते ४ तास लागतात. चटकन उठवायला ते ५० होनांचं औषधच लागेल.

जादूगाराच्या ९० होनांत ५० मंत्रवहीला जाणार का, हे आधी डीएमला विचारा. वर्गाच्या वर्णनात ती पहिल्या पातळीपासून जवळ असते असं लिहिलंय, तरी फाशांच्या पैशांवर खेळताना काही जण ती विकत घ्यायला लावतात. साहित्याची थैली २५ होनांना घेऊ नका. ५ होनांची जादूची काठी तेच काम करते, किमतीच्या साहित्याचा मंत्र असेल तर दोन्ही निरुपयोगी. वाचलेल्यातले १० होन बाजूला ठेवा: फाइंड फॅमिलियर या सोबतीला प्राणी बोलावायच्या मंत्राला दर वेळी १० होनांचा कोळसा, धूप आणि वनस्पती जळतात. घुबड मेलं की पुन्हा १०.

---

मशालजी

घुबडाचं पटलं. मशाली मात्र कुणीच सुचवल्या नाहीत, आणि माझं नावच मशालजी. तागाचा दोर एक होन, रेशमी दहा. मशाल एक शिवराई, कंदील पाच होन. स्वस्त ते का नको?

---

गोखरू

कारण आषाढ. जोरदार पाऊस उघडी ज्योत विझवतो, तसं डीएमच्या पुस्तकात स्पष्ट आहे. किल्ल्याच्या वाटेवर मशाल म्हणजे ओलं लाकूड. पन्हाळ्यावरून १६६० च्या जुलैत महाराज निसटले तेव्हाही पाऊस आणि अंधारच मदतीला होता. तुमच्या डीएमनं आषाढ उगाच निवडलेला नाही.

आकडे बघ. मशाल १ पौंड, १ तास, २० फूट लख्ख आणि पुढे २० फूट अंधुक. कंदील २ पौंड, एका कुपीत ६ तास, ३० फूट लख्ख आणि पुढे ३० अंधुक. बारा तासांच्या उजेडाला मशाली १२ पौंड, कंदील तेलासकट ४. शिवाय कंदिलाचं झाकण खाली केलं की फक्त ५ फूट अंधुक उजेड, पहारेकऱ्याला सहज दिसत नाही आणि पुन्हा पेटवायची भानगड नाही. ज्योत बंद असली तरी भर पावसात तो टिकतो की नाही याचा निकाल डीएमकडून आधी घ्या.

दोन मशाली मात्र घ्या, फेकायला. खोल विहिरीत मशाल सोडली की तळ दिसतो, कंदील सोडवत नाही.

आणि एल्फ-ड्वार्फ अशा जातीची पात्रं घेणाऱ्यांनी अंधारात दिसतं म्हणून हात झटकू नयेत. डार्कव्हिजनला पूर्ण अंधार हा अंधुक उजेड दिसतो. अंधुक उजेडात डोळ्यांनी शोधायला डिसअॅडव्हान्टेज, म्हणजे पॅसिव्ह पर्सेप्शन, फासा न टाकता काय नजरेस पडतं तो आकडा, ५ ने कमी. पायाखालचा सापळा नेमका त्या पाचात हुकतो.

---

रंकाळ्याचा चेटक्या

जादूगाराने लाइट हा मंत्र घेतला असेल तर योद्ध्याच्या ढालीवर टाकायचा. तासभर उजेड, हात मोकळे, पावसाचा प्रश्न नाही. कंदील तरीही ठेवा. जादूगार बेशुद्ध पडला तर तास संपल्यावर नवा उजेड कोण देणार?

---

कटावणी

तेलाबद्दल एक गैरसमज. कुपी फेकली की आग लागते असं नाही. २० फुटांपर्यंत फेकायची, नेम लागला तर समोरचा नुसता तेलकट होतो. मग मिनिटाच्या आत त्याला दुसरीकडून आगीचा मार बसला तरच वरचे ५ बसतात. म्हणजे दोघांचं काम: चोराने तेल, जादूगाराने फायर बोल्ट हा आगीचा मंत्र. जमिनीवर पाच फुटांच्या चौकोनात ओतून पेटवलं तर दोन राउंड जळतं, त्यात शिरणाऱ्याला किंवा खेप तिथे संपवणाऱ्याला ५. भुयाराच्या अरुंद तोंडाशी हे सोनं आहे. एका कुपीला एक लारी. फेकताच पेटणाऱ्या ५० होनांच्या अल्केमिस्ट्स फायरचं नाव काढू नका.

---

गोखरू

माझ्या नावाचीही बाजू मांडतो! लोखंडी गोखरू (जमिनीवर पसरायचे काटे) आणि बेअरिंगच्या गोळ्या, दोन्ही एक होन, दोन्ही दोन पौंड. गोळ्या १० फुटांचा चौकोन झाकतात, १० चा सेव्ह, हुकला की आडवा. गोखरू ५ फुटांचाच चौकोन, पण १५ चा सेव्ह. हुकला की १ मार, जागीच थांबतो आणि बरा होईपर्यंत वेग १० ने कमी. पाठलाग तोडायला गोखरू, दारात गर्दी पाडायला गोळ्या. दोन्हींवरून अर्ध्या वेगाने चालणाऱ्याला काही होत नाही, हे शत्रूला कळलं की संपलं. आणि आपणच परत त्या वाटेने यायचंय हे लक्षात ठेवा. शिरोलीच्या एमआयडीसीतून पोतंभर गोळ्या आणल्या तरी उचलणार कोण.

---

तटबंदी

दोर. ५० फूट म्हणजे उतरायला ५० फूट नव्हे. खांबाला वेढा आणि गाठ यात चार-पाच फूट जातात. खाली उतरून दोर ओढून घ्यायचा असेल तर तो दुहेरी टाकावा लागतो, मग २५ फूटच. म्हणून योद्ध्याकडे एक, चोराकडे एक, असे दोन दोर आहेत ते बरोबर आहेत. ज्या कड्यावरून दोर खाली जातो तिथे रिकामं पोतं घाला. पोतं एका शिवराईला मिळतं आणि लूटही त्यातच भरता येते. तागाचा असो की रेशमी, दोन्हींना दोनच हिट पॉइंट. रेशमीचे दहा होन फक्त पाच पौंड वाचवण्यासाठी आहेत, मजबुतीसाठी नाहीत.

दोराला लावायचा लोखंडी आकडा २ होन, ४ पौंड. यशवंती घोरपडीची दंतकथा ठाऊक असलेल्या माणसांना तो घ्या म्हणून सांगायला नको. तो कुणाकडे? पुजाऱ्याकडे. त्याचं ओझं अजून हलकं आहे.

---

फरी गदगा

भाले चार घेतलेत, त्यातल्या एकाला दोरी बांधता येते का ते डीएमला विचारा. मर्दानी खेळातला विटा असाच असतो, फेकायचा आणि दोरीने मागं ओढायचा. नियमात तसं हत्यार नाही, पण भाल्याच्या किमतीला, एक लारी दोरीला जादा धरून, परत ओढायला एक क्रिया लागेल असं ठरवलं तर कुणाचंच बिघडत नाही.

दांडपट्टा मागणारा एक खेळाडू प्रत्येक कोल्हापुरी टेबलावर असतोच. सिमिटर या वाकड्या तलवारीचे आकडे द्या: २५ होन, सहाचा फासा, चपळाईवर चालणारा. पण हात खोबणीत अडकलेला असतो, तेव्हा त्या हाताने दोर धरणं, कुलूप उघडणं, औषध पाजणं बंद. हे आधीच सांगून टाका, नंतर वाद नको.

---

शिधावाटप

उरलेल्या ओझ्याला खेचर. ८ होन, ४२० पौंड वाहतं. पाठीवरचं खोगीर ५, दोन बाजूंच्या पिशव्या ४. धरायला बिनकसबी माणूस रोज २ लाऱ्या, दहा दिवसांचे २ होन. एकूण १९. वळकट्या, जादा मशकी आणि शिधा तिथे. खेचराचा चारा दिवसाला १० पौंड, दहा दिवसांचा शंभर. आषाढात किल्ल्यावर गुडघाभर गवत आहे, चरू द्या. खेचर भुयारात येत नाही आणि दोरावरून उतरत नाही, त्यामुळे जी वस्तू आत लागणार ती खेचरावर टाकू नका. हीलर्स किट खेचरावर ठेवणारे लोक आहेत.

---

मशालजी

चोराची दुसरी मशक खेचरावर, आत जाताना ती पुजाऱ्याकडे. योद्धा सदऱ्यावर आला, जादूगाराला काठी. साहित्याची थैली रद्द. मशाली दोनच, हे मनाला लागलं.

एकच राहिलं. शिधा म्हणून आम्ही सुकी भाकरी, शेंगदाणे आणि गूळ लिहिलं तर चालेल ना? पुस्तकात सुकं मांस आणि कडक बिस्किटं आहेत.

---

शिधावाटप

चालेल की. दिवसाला दोन पौंड आणि पाच लाऱ्या तेवढं बदलू नका. गूळ मात्र तेलकापडात गुंडाळला असं लिहा, नाहीतर आषाढात दुसऱ्या दिवशी पाणी सुटेल आणि डीएम मुंग्या सोडेल.